एकोणतिसावा आवाज

३ मार्च, सोमवार
आज कामावर रुजू झाले. चार महिन्यांनी घराबाहेर पडून बरं वाटलं. गेम पार्लर तळमजल्यावर आहे, मोठ्या खिडक्यांचं. अकरा मशीन, सगळी पिनबॉलची, काचेखाली गोळी उडवायची. हे सोळा वर्षं इथेच दुरुस्ती करायचे. मालकांनी त्यांचीच जागा मला दिली. डिप्लोमा माझा आणि हात यांचा, असं हे म्हणायचे. आता दोन्ही मलाच सांभाळायचं.

टोकनं देणाऱ्या बाईंनी चहा दिला. म्हणाल्या, साहेब आल्या आल्या पहिला तास 'पाणबुडी'पाशीच काढायचे, तुमची सवतच म्हणा ना. मीही हसले. कोपऱ्यातल्या मशीनच्या काचेवर पाणबुडी रंगवलेली आहे, म्हणून ते नाव. ती मुकी झाली आहे, नुसती गुणगुणते. यांचाही आवाज शेवटच्या महिन्यात बसला होता. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मग एका सकाळी श्वासच थांबला.

४ मार्च, मंगळवार
पाणबुडी उघडली. स्पीकरच्या तारा क्षणभर बॅटरीला लावल्या, खर्र झालं, म्हणजे स्पीकर ठीक. आवाजाचा नॉब पूर्ण खाली केला तरी गुणगुण तेवढीच, म्हणजे दोष वीजपुरवठ्यात. दोन मोठे कपॅसिटर डोक्यावर फुगले होते, ते बदलले. साउंड बोर्डाच्या दोन पिनांचा सोल्डरचा डाग तडकला होता, तो पुन्हा दिला.

आत चाचणीचं बटण आहे. ते दाबलं की मशीनमधले सगळे आवाज क्रमाने वाजतात. पुस्तिकेत अठ्ठावीस दिलेत: घंटा, भोंगा, बुडबुडे असे. अठ्ठावीसही वाजले. मालक म्हणाले, दुसऱ्याच दिवशी मैदान मारलंत.

६ मार्च, गुरुवार
आज अठ्ठाविसाव्यावर मशीन थांबलं नाही. आधी श्वास ऐकू आला. मग,
“अगं, ऐकलंस का?”

यांचा आवाज. बसण्याआधीचा, धडधाकट.

आवाज साठवणाऱ्या चिपमध्ये एकोणतिसाव्या आवाजाला जागाच नाही, मी दोनदा तपासलं. मग तपासणं सोडून दिलं. पार्लर उघडेपर्यंत बटण दाबत बसले. कुणाला सांगणार नाही. हे माझं आहे.

८ मार्च, शनिवार
बाईंनाही ऐकू येतं. दुपारी, कुणी बटण न दाबता. त्या थट्टेने म्हणाल्या की साहेब मलाच हाक मारतात, तुम्ही कशाला कान टवकारता. मला झोंबलं. यांनी सोळा वर्षं बाईंना अहोजाहो केलं. त्यांना 'अगं' कशाला म्हणतील?

तीनच्या सुमाराला मी पाठमोरी असताना हाक आली. मी वळेपर्यंत बाईंनी काउंटरवरूनच “ओ!” दिली आणि खळखळून हसल्या.

माझ्या नवऱ्याला. माझ्या आधी.

११ मार्च, मंगळवार
बाई आल्या नाहीत. चिठ्ठी आली: आवाज पार बसला आहे, दुखत काहीच नाही.

बटण दाबलं. एकोणतीस, हे. मग तीस. बाईंचं ते शनिवारचं हसणं. त्याआधी श्वास नाही, नुसतं हसणं.

काय होतंय ते मला कळलं: ओ दिली की आवाज आत जातो. यांचं काय झालं तेही कळलं: आधी आवाज गेला, मग श्वास. पळून जायला हवं होतं. पण डोक्यात एकच घोळत राहिलं, की ती दोघं एका पेटीत आहेत. शेजारी शेजारी.

१२ मार्च, बुधवार
चिप काढून पर्समध्ये ठेवली. तरी चालूच. स्पीकरच्या तारा कापल्या. तरी चालूच.

हे हळू काहीतरी सांगतात, ती हसते. पुन्हा सांगतात, पुन्हा हसते. शब्द कळत नाहीत. मला पाहून आवाज खाली करतात. माझ्याशी जेवतानाही चार वाक्यं बोलत नसत.

१३ मार्च, गुरुवार
हाक आली.
बाईंसाठी असेल. असू दे.
मी ओ दिली. मोठ्याने. आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी—

१४ मार्च, शुक्रवार
आवाज गेला. घसा ठीक आहे. नुसता आवाज नाही.

एकतीस. मी.
“अहो,” म्हणते. लाडात. असं मी कधी म्हटलं नव्हतं, म्हणता आलं नव्हतं. हे लगेच उत्तर देतात. बाईंचं हसणं बंद पडलंय. आता ही दोघंच, अखंड.

मी बाहेर स्टुलावर. यांना हाक मारायला तोंड उघडते, काही येत नाही.
आत मी आहे ना. मग ते बोलणं माझ्याशी का नाही— 

१५ मार्च, शनिवार
तिला काढायचं. एकतीस तेवढा. यांना धक्का न लावता. सगळे बोर्ड सुटे केले, जमिनीवर मांडले. प्लग काढलेला. बटण दाबलं.

एकोणतीस.
तीस.
एकतीस. पण आधी श्वास. काल नव्हता. यांच्यासारखाच आता हिलाही—

तिचा श्वास पूर्ण येतो. इकडे माझा अर्धाच. पुन्हा दाबलं. इकडे त्याहून कमी— बटणावरचं बोट उचलायचं म्हटलं तर हे तिला म्हणतायत ऐकलंस का, आणि मला ते ऐकायचं— ती श्वास घेते आहे, लांब, आणि मी—