म्यूरिअलचा उपसागर

मँचेस्टर,
गुरुवार, १४ मार्च १९६३

प्रिय म्यूरिअल,

अक्षर ओळखून पाकीट तसंच शेगडीत टाकलं नसशील, असं धरून लिहिते. तू, स्टॅन्ली आणि छोटी हेझेल खुशाल असाल. तुझ्या बाबांचा गुडघा कसा आहे? उपसागराच्या काठी बर्फाच्या लाद्या साचल्याचं पेपरात वाचलं तेव्हा पहिली आठवण त्यांचीच आली. इतके आठवडे कोळंबी धरायला जाता आलं नाही म्हणजे घरात बसून त्यांनी सगळ्यांचा जीव खाल्ला असणार.

मी ठीक आहे. अजून मिसेस ऑग्डेनकडेच राहते. त्यांचे नळ अडीच महिने गोठलेले होते, त्यामुळे मी तोंड धुवायलासुद्धा प्रयोगशाळेत जात होते. यंत्राची खोली तेवढी उबदार. गेल्या आठवड्यात एकदाचं वितळलं सगळं, आणि पहिल्या दिवशी बाई नळाशी उभ्या राहून नुसतं वाहतं पाणी बघत होत्या.

नवं गणकयंत्र सुरू झालं हे तुझ्या कानावर आलं असेल. आधी त्याचंच लिहिते. तिथून सुरुवात करणं मला सोपं जातं.

जुन्या यंत्रावर आपले काय हाल व्हायचे ते आठव. आतली जलद मेमरी मूठभर, बाहेरचा ड्रम मोठा पण संथ. कुठला तुकडा कधी आत आणायचा आणि त्यासाठी कुठला बाहेर घालवायचा, हे सगळं आपणच आधी ठरवून प्रोग्रॅममध्ये लिहायचं. गणित लिहायला एक आठवडा लागायचा, त्याचे तुकडे पाडायला सहा. त्या कामात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, हे तूही कबूल करायचीस.

आता ते काम यंत्रच करतं. आपण मेमरी एकच आहे, लांबच लांब, असं समजून खुशाल लिहीत जायचं. यंत्र तिची पानं करतं, पाचशे बारा संख्यांचं एकेक. थोडी पानं आत, बाकीची ड्रमवर. आतल्या प्रत्येक जागेला एक पाटी असते, सध्या इथे कितवं पान आहे ते सांगणारी. प्रोग्रॅमने एखादी संख्या मागितली की सगळ्या पाट्या एकदम तपासल्या जातात. पान आत असलं तर उत्तम. नसलं तर प्रोग्रॅम जागच्या जागी थांबवला जातो, पान ड्रमवरून आणलं जातं, आणि मग तो पुढे चालू लागतो. आपण मध्ये थांबलो होतो याचा त्याला पत्ताही नसतो. तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणाचं तरी काम उरकतं.

या पाट्या बसवणारा इंजिनिअर क्लिफर्ड, बोल्टनचा आहे. मी त्याला विचारलं, "आत जागा नसली तर कोणाला बाहेर काढता?"

"ज्याला बराच वेळ कोणी विचारलेलं नाही, त्याला. कोण किती वेळाने परत लागतं ते यंत्र बघत असतं. बघून बघून शिकतं."

"आणि चुकलं तर?"

"तर परत आणतं. तू काय कधी चुकत नव्हतीस?"

"नाही."

"मग तुझं कठीण आहे बाई. न चुकणाऱ्या माणसांना इथे आता काम नाही."

सगळे हसले. नऊ वर्षं घासून मिळवलेली विद्या एका दुपारी निकालात निघाली, म्हणजे मला रडू यायला हवं होतं. पण मला एकदम हलकं वाटलं, म्यूरिअल. आणि का वाटलं ते कळलं तेव्हा मी चहा अर्धा टाकून कपाटाकडे गेले.

तुझ्या चार वह्या माझ्याकडे आहेत. जाताना तू त्या रद्दीच्या टोपलीत टाकल्या होत्यास. मी काढून ठेवल्या. भरतीच्या छापील वेळापत्रकात बंदराची वेळ मिळते, पण वाळूवर कुठल्या ओहोळातून पाणी कधी चढेल ते त्यात नसतं. तुझे काका घोडागाडीसकट त्या वाळूत गेले, तेव्हापासून हे गणित तुझ्या डोक्यात बसलं होतं. सगळ्या उपसागराचे तीस हजार चौकोन, प्रत्येकातलं पाणी, दर अर्ध्या मिनिटाला. डॉक्टर ॲशवर्थ म्हणाले होते, याचे तुकडे पाडा. तू त्यांच्या तोंडावर म्हणालीस, "पाण्याला तुकडे नसतात." मी टेबलाखालून तुझा पाय दाबला होता.

जुने हुकूम नव्या यंत्राला कळत नाहीत, म्हणून मी तुझ्या वह्या समोर ठेवून सगळं पुन्हा लिहून काढलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रोज जेवणाच्या सुट्टीत, हातात पाव धरून. तुझी मांडणी होती तशी ठेवली. एकही तुकडा पाडला नाही.

पहिल्यांदा चालवलं त्या दिवशी फजिती झाली. चाळीस मिनिटांत समुद्र जेमतेम हलला. ड्रमचा दिवा विझायलाच तयार नाही. आत्ता बाहेर काढलेलं पान पुढच्या क्षणी परत हवं, म्हणून दुसरं बाहेर, मग लगेच तेही हवं. यंत्राचा सगळा वेळ ने-आण करण्यातच चालला होता, गणित राहिलं बाजूला. मागे रांगेत थांबलेले लोक खाकरायला लागले.

क्लिफर्ड माझ्या खुर्चीमागे येऊन वही वाचत उभा राहिला. "तुझी मैत्रीण उत्तरेकडून दक्षिणेकडे चालते," तो म्हणाला.

"मग?"

"संख्या मांडल्यात पूर्व-पश्चिम ओळींनी. ही बाई एक-दोन पावलं टाकते की नवं पान. पलीकडे पोचेपर्यंत साठ पानं उलटते, आणि आत मावतात बत्तीस. बिचारं यंत्र शिकणार तरी काय? तिला जरा आडवी चालायला सांग."

दोन ओळींची अदलाबदल केली, बस्स. तुझ्या लिखाणात मी केलेला बदल तेवढाच, आणि त्याची माफी मागते. मग बावीस मिनिटांत अख्खी भरती येऊन गेली. कागद बाहेर पडायला लागले, चौकोनामागून चौकोन, आणि मी वाचत गेले. बरोब्बर तुझ्या बाबांच्या ओहोळातून पाणी आधी आत शिरत होतं, मग ते मागून वळसा घालून वाळूच्या उंचवट्याला वेढत होतं. अगदी ते सांगायचे तसं. मी यंत्राच्या खोलीत सर्वांदेखत क्लिफर्डच्या गळ्यात पडले. तो इतका लाजला की स्क्रूड्रायव्हर शोधायचं निमित्त करून टेबलाखाली गेला तो बाहेरच येईना. (येत्या शनिवारी त्याच्याबरोबर नाचायला जायचं आहे. ते वेगळं लिहीन.)

कागदावरचं पाणी खरं की खोटं, ते बघायला नको का? रविवारी, दहा तारखेला, मोठी भरती होती. मी आदल्या दिवशीच तुमच्या ग्रेंजला येऊन राहिले. सकाळी किनाऱ्यावरच्या पायऱ्यांपाशी घड्याळ आणि कागद घेऊन उभी. तुझं गणित म्हणत होतं, त्या चौकोनात पाणी येणार दहा वाजून चौदा मिनिटांनी. सवादहा झाले तरी समोर नुसती ओली वाळू. मग लांबून तो आवाज आला, तू वर्णन करायचीस तो, कोणी गवत कापत असल्यासारखा. पांढरी रेघ पळत आली आणि पायरीला पाणी लागलं. दहा वाजून अठरा मिनिटं. चार मिनिटांची चूक, म्यूरिअल, एवढ्या थोरल्या समुद्रात. शेजारी कुत्रं घेऊन एक म्हातारे गृहस्थ उभे होते. मी त्यांना कागद दाखवला. "चांगलं आहे की," ते म्हणाले, आणि कुत्र्यालाही दाखवला.

आणि तिथे तूही होतीस. बेंचच्या पलीकडे, हिरव्या कोटात, हेझेलला कठड्यावर उभं करून पाणी दाखवत. पन्नास पावलांवर. मी हाक मारली नाही. तोंड फिरवून स्टेशनवर गेले.

का, ते लिहायचं मी चार पानं टाळते आहे.

एकोणसाठ साली डॉक्टरांनी मला एकटीला बोलावून विचारलं होतं, "हिचा उपसागर तुकडे पाडून यंत्रात बसेल का?" मी म्हणाले, "नाही." त्यांनी तुझं काम थांबवलं, महिन्याभरात तू राजीनामा दिलास, आणि सगळ्यांनी धरून चाललं की लग्न झालं म्हणून गेली.

ते बसत होतं. माझ्या वहीत अकरा पानांचा आराखडा तयार होता. संथ चालला असता, एका भरतीला दोन रात्री लागल्या असत्या, पण चालला असता. मी तो दाखवला नाही. सहा महिने तुकडे मी पाडणार आणि उपसागर म्हणणार सगळे म्यूरिअलचा, हे मला सोसलं नाही. एवढंच कारण. याहून बरं कारण शोधायला मी चार वर्षं घेतली, सापडलं नाही.

सोमवारी डॉक्टरांपुढे तुझे कागद ठेवले आणि हेही सांगितलं. त्यांनी कागद शेवटपर्यंत चाळले. मग म्हणाले, "मी दुसऱ्या कोणाला तरी विचारायला हवं होतं. तुम्हाला विचारलं, कारण तुम्ही कधी चुकत नव्हता." नंतर चष्मा पुसून म्हणाले, "चार मिनिटं कुठे गेली, ते तिच्याशिवाय कोणाला सापडणार नाही. हेझेलला सोडून इथे यावं लागणार नाही म्हणावं. घरून लिहा, टपालाने पाठवा, इथे आम्ही चालवू. मानधन रीतसर." त्यांचं पत्र सोबत जोडलं आहे. कागदांच्या पहिल्या पानावर नाव फक्त तुझं आहे. ते मी स्वतः टाइप केलं.

माझ्यावरचा राग आणि हे काम, दोन्ही एका दावणीला बांधू नकोस. कामाला हो म्हण, मला नाही म्हण, तरी चालेल. तुझे कागद दुसरं कोणीही यंत्रात घालील. मी त्या वेळी खोलीबाहेर जाईन. आणि ती चार मिनिटं मला वाटतं तळाच्या वाळूच्या घर्षणात आहेत, पण मी गप्प बसते. उपसागर तुझा आहे.

हेझेलला पापा. बाबांना सांग, त्यांचा ओहोळ यंत्रालाही पटला.

एकोणसाठ साली जिने खोटं सांगितलं, आणि आज जिला तुझ्या यशाचा निखळ आनंद झाला आहे,

ती,
ईनिड