कोलूतलं तळं

अप्पा, आज ऑफिसातल्या तळ्याकाठी तुमचा ओरडा आठवला. तुम्ही एरवी ओरडायचा नाहीत, म्हणूनच तो एवढी वर्षं टिकला असावा.

मी लहान आहे, घरात नवरात्र आहे. अम्मा कोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडतेय आणि खाली जमिनीवर मी बाग करतेय: रुजवलेली नाचणी, मधोमध तळं म्हणून आरसा, त्यावर प्लॅस्टिकची दोन बदकं. तुम्ही कचेरीतून येता आणि डबा हातात धरूनच कडाडता, "हें कसलें तळें गे? ह्यांत बेडूक कोठें राहील?" दुसऱ्या दिवशी घरामागच्या तलावातून, आपल्या एरीतून, परातभर चिखल, पाणी आणि शेवाळ घेऊन हजर! वर मला समजावलंत, "एरी देवानें नाहीं केली. माणसांनीं बांध घालून केली. केली त्यांनींच राखायची." परातीत बेडकाची शेपटीवाली पिल्लं निघाली. हरभऱ्याचं सुंडल खायला आलेल्या बायका बाहुल्या सोडून परातीभोवती जमल्या आणि अम्मानं कपाळावर हात मारून घेतला.

सिरुसेरीच्या आमच्या ऑफिसच्या आवारात पावसाचं पाणी साठवायला खणलेलं एक तळं आहे. देखभाल माझ्याकडे. काठाला लव्हाळे माजले होते, त्यांत पाणकोंबड्या घरटी करायच्या. परदेशी पाहुणे येणार म्हणून गेल्या वर्षी मी सगळे लव्हाळे उपटवले आणि चारही बाजूंनी दगड बसवले. तळं लख्ख झालं, माझं कौतुकही झालं. मग पक्षी गेले, बेडूक गेले आणि डास तेवढे वाढले. अप्पा, मी पुन्हा आरसाच मांडला होता हो.

साहेबांशी भांडून आता एका बाजूचे दगड काढलेत. आपल्या एरीचा निम्मा भाग उरलाय, तिथला चिखल टेम्पोनं आणून काठाला घातला. माळी हसतो, "चांगल्या तळ्यात चिखल घालायला लावता, मॅडम!" पाऊस सरेपर्यंत काही जगलं नाही, तर दगड परत बसणार आहेत. मला त्याची फार भीती वाटते.

आणखी एक. त्या नवरात्रात मैत्रिणी नाक मुरडायला लागल्या, म्हणून मी ती परात मोरीत ओतली. तुम्हांला मात्र सांगितलं, पिल्लं एरीत सोडून आले. तुम्ही पाहुण्यारावळ्यांना ते आयुष्यभर कौतुकानं सांगत राहिलात आणि मी शेजारी बसून मान डोलवायचे. तळ्यात पहिला बेडूक ओरडला की तुम्हांला खरं लिहायचं, असं ठरवलं होतं. रोज संध्याकाळी काठाशी कान देऊन उभी राहते. अजून एकही ओरडलेला नाही, अप्पा. तरी लिहिलं.