रावसाहेबकी नको म्हणालो

रिठद, कार्तिक, १९१०

आज वाशिमला तहसीलदारांना नाही म्हणून आलो. गावातलं कोण स्वदेशीच्या सभेला जातं ते कळवा, रावसाहेब व्हाल, असं ते म्हणाले होते. मोह झाला होता, खोटं कशाला लिहू? पण परवा वर्तमानपत्रात वाचलं, कोरियाच्या एका मंत्र्यानं देश जपानच्या हवाली केला, त्याबद्दल त्याला सरदारकी मिळाली. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याले आता गावात कोनी रामराम करत असन काय?"

सरदार झाला खरा, पण रामराम? तेच डोक्यात घोळत राहिलं.

तहसीलदार चिडले. पुढं त्रास देतील? देवोत. घरी सांगितलं, तर ती हसून म्हणाली, "बरं केलं. हात धुवा, वांग्याची भाजी केली." आज पोटभर जेवलो.