हरणाआत्तीची केस

५ जानेवारी, रविवार

फी पावतीवर छापलेली आहे, ती काय सांगायची! या पदविकेची खरी किंमत वेगळीच. शनिवार-रविवार दवाखाना बंद, म्हणून बरेच पेशंट दहिवडीच्या वाटेला लागले. मेव्हण्याच्या मुलीचं लग्न बायकोनं, स्वप्नालीनं, नवऱ्याशिवाय उरकलं — अजून भाकरी वाढताना ताट जरा जास्तच वाजतं. गुडघे बाकाखाली मावत नाहीत. आणि म्हसवडात ज्याला बघून पोरं गाडीवरून उतरतात, त्यानं इथं सांगलीच्या विश्रामबागेत येऊन हजेरीला ‘प्रेझेंट मॅडम’ म्हणायचं!

पण करायचंच. दवाखान्यासमोर एम.डी.ची पाटी लागली आहे. पोरगा तिशीचा, दाराला काच. लोक अजून माझ्याकडंच येतात, पण पायरी चढताना एकदा त्या काचेकडं बघून घेतात. मी मेंढरामागं फिरून बी.ए.एम.एस. झालेला माणूस. कोण कुठं बघतो ते मला कळतं. माझ्या पाटीवर ‘पदव्युत्तर’ ही एक ओळ वाढायलाच पाहिजे.

नियम असा — प्रत्येकानं आपला एक जुनाट दुखण्याचा पेशंट घ्यायचा, वर्षभर उपचार करायचे, आणि मार्चमध्ये बाहेरच्या परीक्षकांपुढं त्या पेशंटला घेऊन उभं राहायचं. पेशंट बोलेल ते खरं. माझी केस हरणाआत्ती. आमच्याच वस्तीवरची. वडील तिला बहीण मानायचे, म्हणून माझी आत्ती. आमवात. आली तेव्हा बोटं इतकी सुजलेली की शेळीची धार काढता येत नव्हती. आता लुगडं पिळून दोरीवर टाकते.

आज वर्गात हे सांगितलं. ऋषिराज म्हणून कराडकडचा एक तरुण डॉक्टर आहे, घरी ऊस, अंगावर इस्त्री. त्यानं विचारलं, सर, जोडीला वेदनाशामक देत असाल की? मी म्हटलं, “गड्या, माझ्या उंबऱ्याबाहेर आजवर इंग्रजी गोळी गेलेली नाही. म्हसवडात कुणालाही विचार.” पुढच्या बाकावरच्या दोघांनी वळून बघितलं. राजेश्वरी मॅडम — आमच्या मार्गदर्शक — वहीत काहीतरी लिहीत राहिल्या. छान वाटलं.

११ जानेवारी

आत्तीला मधल्या तपासणीसाठी सांगलीला नेलं. तिच्या मुलाची, बिरदेवची, पिकअप. आत्ती सगळ्या वाटेनं बोलत होती. कॉलेजात खुर्ची दिली तर खालीच बसली.

मी मॅडमना म्हणालो, तोंड कसं भरलंय बघा, आली तेव्हा नुसता सापळा होता. आमच्या माणदेशात गालावर मांस चढलं की समजायचं, दिवस फिरले. मॅडम तोंडाकडं बघत राहिल्या. मग हाताची बाही वर सरकवली. दंडावर निळे डाग. म्हशीची धडक बसली म्हणाली आत्ती. साखर तपासली — वाढलेली. आत्तीच्या घराण्यात साखर कुणाला नाही.

सगळ्यांपुढं मॅडमनी विचारलं, आजी, डॉक्टरांच्या औषधाशिवाय आणखी काय घेता?

“कायबी न्हाई बाई. ह्येची पुडी, न् देवाचा भंडारा.”

मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, हिला कुणीतरी स्टेरॉइड देतंय. सूज त्यानं उतरली आहे. कोण ते शोधा. आणि सापडेपर्यंत तिचं काहीही एकदम थांबवू नका, शरीर कोसळतं. “काहीही म्हणजे काहीही, डॉक्टर.”

ऋषिराज दाराशी उभा होता. ऐकलं असणार. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात मला हसू दिसलं — किंवा नसेलही.

१२ जानेवारी

म्हणजे माझ्या शेतात दुसऱ्याचं पीक! कोण? स्टँडजवळचा मेडिकलवाला, नाहीतर काचेचं दार.

१४ जानेवारी, संक्रांत

बिरदेव तिळगूळ घेऊन आला. बसवला, चहा दिला, मेंढरांचं विचारलं — मग हळूच आईचं.

आता हे मॅडमना कसं सांगावं? आमच्याकडं एका वैद्यापुढं दुसऱ्याचं नाव घेत नाहीत. तो त्याचा अपमान. माणूस तीन ठिकाणी औषध घेतो आणि तिन्ही ठिकाणी ‘तुमच्याबिगर कोण हाय आम्हाला’ म्हणतो. डॉक्टरही विचारत नाही. विचारलं म्हणजे ह्याला स्वतःच्या औषधाचा भरवसा नाही, असा बोभाटा. मी या रिवाजात वाढलो, त्यावरच पोट भरलं. तेव्हा आत्तीच्या ‘कायबी न्हाई’ची किंमत मला ठाऊक आहे. ती माझा मान राखतेय.

बिरदेव म्हणाला, “आवं डाक्टर, आई दुसऱ्या कुणाच्या पायरीला जात न्हाई.” पण बोलायच्या आधी आवंढा गिळला. मला ऐकू आला! अंधारात कुठली मेंढी खोकली ते ऐकून सांगणारा माणूस आहे मी. पोरगा काहीतरी दडवतोय.

१७ जानेवारी

मेडिकलवाल्याकडं गेलो. दोन चहा, गावच्या गप्पा, त्याच्या मुलाच्या ॲडमिशनची चौकशी — आणि मध्येच हरणाबाईचं नाव टाकलं. त्यानं मान वर केली नाही, पण आवाजही बदलला नाही. तो नव्हे.

दुपारी दिघंचीहून येताना एस.टी.त पुढच्या बाकावर दोन बायका. एक दुसरीला सांगत होती, अर्जुना डाक्टरची पुडी घेतली की दोन दिसांत माणूस उठून बसतंय, लय गुणाची पुडी. मी मागं खिडकीकडं तोंड करून बसलो. उतरेपर्यंत फुगलेलाच होतो.

दवाखान्यात लालासाहेब डबा देऊन गेला होता. तासगावचा. संधिवाताचं चूर्ण महिन्याच्या महिन्याला मोटारसायकलवरून आणून देतो. आधी मी स्वतः कुटायचो. गर्दी वाढली, खलबत्ता सुटला. सहा वर्षं झाली त्याच्याकडून घेतोय. त्याचं दळण माझ्यापेक्षा बारीक.

१९ जानेवारी

युक्ती सुचली. तासगाव मागं पडलं आणि बेदाण्याच्या शेड दिसायच्या थांबल्या, तेव्हा सुचली.

आत्तीची माझी पुडी बंद करायची. ती ठणठणीत राहिली तर गुण दुसऱ्याच्या गोळीचा — मग मी पाळत ठेवून माणूस पकडीन आणि मार्चच्या आत तिला त्या गोळीतून नीट बाहेर काढीन. मॅडमनी थांबवू नका म्हटलंय, पण ते इंग्रजी औषधाबद्दल. सुंठ-गुग्गुळ बंद केल्यानं कुणी मेलंय?

संध्याकाळी वस्तीवर गेलो. आत्ती, पुडी आजपासून बंद, नुसता काढा घे, म्हणालो. दुसरं काय असंल तर आत्ताच सांग, मी रागवायचो नाही. म्हणाली, दुसरं काय असणार रं? आणि शेळीच्या दुधाचा चहा टाकला.

२२ जानेवारी

आत्ती बरी आहे. जरा दमल्यासारखं वाटतं म्हणते. बाकी हसतेय, कामाला लागलीय. वाटलंच होतं! चोर आहे, आणि त्याची गोळी चालू आहे.

२४ जानेवारी

जेवण जात नाही म्हणाली. थंडी असेल.

२६ जानेवारी

सकाळी बिरदेवचा फोन. गेलो तर आत्ती वाकळेवर आडवी, ओकून ओकून रिकामी, हात गार, नाडी बोटाखाली सापडेना. बी.पी.चा पट्टा दोनदा बांधला. काटा लागेनाच. झेंडावंदनाची पोरं रस्त्यानं घोषणा देत चालली होती आणि आम्ही तिला वाकळेसकट पिकअपमध्ये ठेवलं. सातारा गाठेपर्यंत मी तिच्या तोंडाशी कान धरून बसलो होतो. खड्डा आला की श्वास ऐकू यायचा नाही. तेवढ्यात काय काय कबूल केलं देवाला.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी शिरेतून इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. दुपारपर्यंत डोळे उघडले. मला विचारलं, स्टेरॉइड कधीपासून चालू होतं? एकदम कुणी बंद केलं? मी म्हणालो, मीही तेच शोधतोय.

मग व्हरांड्यात येऊन मॅडमना फोन लावला. पहिलं वाक्य काय बोललो? “बघा मॅडम, माझं चूर्ण थांबवलं आणि ती पडली. म्हणजे गुण माझ्या चूर्णाचाच होता!” आत्ती आत सलाइनवर, आणि मी बाहेर केस जिंकत होतो.

“चूर्ण थांबवलंत तुम्ही?”

मी म्हणालो, होय, पण त्याचा काय संबंध, तिनंच माझ्या धाकानं ती दुसरी गोळी सोडली असणार. मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. म्हणाल्या, तिच्या घरात तोंडात जाणारं जे जे आहे ते सगळं आणा. मिश्रीसुद्धा. आणि चूर्णाचा तो डबा.

२७ जानेवारी

आत्ती बसती झाली. दोन घास भात खाल्ला. तिच्या कॉटशी बसून हलक्या आवाजात म्हणालो, आता तरी नाव सांग. मला कमीपणा वाटायचा नाही. जीव जात होता तुझा.

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं लहानपणी मी वासराला भलत्याच गाईखाली सोडलं तेव्हा बघितलं होतं.

“आरं अर्जुना, तू दिलंस त्येवढं खाल्लं. तू थांबीव म्हणलास, थांबिवलं. आता आनी कुनाचं नाव घिऊ?”

कान देऊन ऐकलं. आवंढा नाही, अडखळणं नाही, मान राखणं नाही. नुसतं वाक्य.

बाहेर बिरदेवला धरला. मग तू संक्रांतीला आवंढा का गिळलास? पोरगा रडायलाच लागला. म्हणाला, आईच्या पुड्यांतल्या मी वस्तीवर बी वाटल्या, ज्येचं त्येचं कंबर-गुडघं. “तुमचा धंदा बुडिवला म्हणून बोललो न्हाई.”

म्हणजे कान बरोबर होते. ऐकलं ते खरं होतं. अर्थ मी माझ्या सोयीचा लावला.

२८ जानेवारी

दवाखान्यात डबा उघडून चिमूटभर जिभेवर ठेवलं. सुंठ. गुग्गुळ. शेवटी थोडं कडू. कडू तर गुग्गुळही असतं. जिभेनं काय कळणार? सहा वर्षं त्याच जिभेवर भरवसा ठेवला.

डबा, आत्तीची मिश्री, भंडारा, चहाची पूड — सगळं पिशवीत घालून सांगलीला दिलं. मॅडमनी प्रत्येकाचं थोडं थोडं बाटल्यांत भरून वर चिठ्ठ्या डकवल्या, उरलेलं परत दिलं. मी परीक्षेचं काढलं. म्हणाल्या, ते नंतर. मिश्रीतही काय काय मिसळतात हल्ली, असं मीच दोनदा म्हणालो. त्या हं म्हणाल्या.

परतताना तासगावच्या स्टँडवरून लालासाहेबला फोन केला. चूर्णात काय काय घालतोस रं, खरं सांग. तो हसला.

“आवं डाक्टर, गुण येतोय न्हवं? मग?”

३० जानेवारी

सकाळपासून बाकावर माणसं. सगळ्यांना पुडीच पाहिजे. मिश्रीच असेल, असं मनाला सांगत होतो. नसली तर? द्यावी तर काय देतोय माहीत नाही. न द्यावी तर आत्तीसारखं होईल. दोघांना दिली. तिसरी एक म्हातारी होती, गोल तोंडाची, गोड हसणारी. तिच्यापुढं हात डब्यात गेला आणि तिथंच राहिला. ती म्हणाली, डाक्टर, बरं वाटत न्हाई व्हय तुमास्नी?

समोरच्या काचेच्या दारातून तो एम.डी. पोरगा बाहेर आला होता. मला बघून नमस्कार केला. नेहमीच करतो. आज मी पण केला.

३ फेब्रुवारी

मॅडमचा फोन. मिश्री स्वच्छ. भंडारा स्वच्छ. चहा स्वच्छ. चूर्णात डेक्सामेथासोन — तेच स्टेरॉइड — भरपूर.

लालासाहेबचा फोन बंद. बिरदेवनं पुड्या दिलेली वस्तीवरची चौघं आणि ती म्हातारी बिरदेवच्या गाडीनं साताऱ्याला पाठवली.

गेली सहा वर्षं म्हसवडात सगळ्यात जास्त इंग्रजी औषध माझ्याच दवाखान्यातून गेलं.