खाकरल्याशिवाय आत

बाबा, तुम्ही स्वतःच्याच घरात खाकरून यायचात. अंगणात सायकल लावली की आधी तो कोरडा आवाज, मग चपला काढणं, आणि मग आत. लहानपणी मला वाटायचं तुमचा घसाच तसा आहे. एकदा आई आणि मावशी चुलीपाशी बोलत होत्या, मावशी रडत होती, आणि मी धावत आत शिरत होतो. तुम्ही माझं मनगट धरून मला मागे ओढलंत. "बाया बोलून राह्यल्या न? आवाज देऊन जात जाय." मग तुम्ही खाकरलात आणि आतून आई म्हणाली, "थांबा जी, आली." तेवढ्यात मावशीने डोळे पुसले असणार. हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

नाचणगावच्या त्याच घरात आता मी कॅमेरा लावला आहे. गेल्या उन्हाळ्यात आई नहाणीत घसरून पडली, आणि शेजारच्या काकूंना कळेपर्यंत तशीच ओल्या फरशीवर होती. वर्ध्याला माझ्याकडे ती येत नाही, पुण्याला ताईकडे तर नाहीच. म्हणून हा वायफायवर चालणारा पांढरा डबा, मधल्या खोलीत, तुमच्या फोटोसमोर. तो पाहतो, ऐकतो, आणि आपण फोनवरून बोललो तर तिथे बोलतोही. माझ्या, बायकोच्या आणि ताईच्या फोनवर तिथलं सगळं दिसतं. नहाणीत अर्थातच लावला नाही.

जेवण झालं की आई तुमच्या फोटोशी बोलते, हे आम्हाला माहीत नव्हतं. ताईने एके दुपारी ते ऐकलं आणि प्रेमानेच घरच्या ग्रुपवर टाकलं. "आयकता का जी? आज डाळ खारट झाली. तुमी असते तं ताट सरकवलं असतं. फोटोत बरे गुमान बसले!" सगळे हसले, मीही हसलो. पुढे ती म्हणत होती, "पोट्टे पाह्यतेत मले त्या डब्यातून. येत कोणी नाई." त्यावर ग्रुपमध्ये कोणी काही लिहिलं नाही. मग ताईच्या मुलीने फोनवर आईला म्हटलं, "आजी, डाळीवरून आजोबांना किती बोलतेस गं!" दुसऱ्या दिवसापासून दुपारी भिंतीवरचा खिळा रिकामा दिसायला लागला. तुमचा फोटो पदराखाली धरून ती नहाणीत जाऊन बसते, बाबा. जिथे पडली होती तिथेच. कारण तिथे डबा नाही.

मी गेलो, विनवलं. म्हटलं, पाहण्याआधी मी त्यातून खाकरत जाईन, बाबांसारखा. ती हसली. "तू खाकरशील बाबू. तुही बायको? तुही ताई? अन् ज्यायनं हा डब्बा बनवला, थे?" लावताना अटींची लांबलचक पानं आली होती. साधं विजेचं बिलही दोनदा वाचणारा मी, त्यांवर न वाचता 'मान्य' दाबून मोकळा झालो होतो. नंतर वाचली. आईचा आवाज कुठे साठतो, कोण ऐकू शकतं, वाचूनही धड कळलं नाही. मी वायर उपटली. आईने माझ्यासमोर फोटो खिळ्याला लावला, पदराने काच पुसली. पण त्याच संध्याकाळी तिने फोन उचलला नाही. काकू धावत गेल्या. ती देवळात गेली होती. ताई फोनवर रडत ओरडली, "पडली असती तर? तू काय सांगणार होतास आम्हाला?" पुढच्या रविवारी मी वायर परत जोडली. आईने अडवलं नाही. अडवायला हवं होतं तिने.

आता रोज दुपारी ऑफिसात जेवण बाजूला सारून मी फोनवर तो खिळा पाहत बसतो. कॅमेरा काढला तर ती पडलेली कळणार नाही. ठेवला तर ती पडायच्या जागीच जाऊन बसणार. मी काय करू, सांगा ना. हा कागद ठेवायला तुमच्या फोटोमागची एवढीच जागा मला सुचते, आणि तिथे ठेवताना मी ताईला दिसेन. म्हणून तो माझ्याकडेच राहील.

काल खिळा फार वेळ रिकामा होता. फोन लावला, तर तो मधल्या खोलीतच वाजत राहिला. कॅमेऱ्यातून हाक मारायला गेलो, आणि आधी खाकरलो. माझं खाकरणं हल्ली तुमच्यासारखं झालंय, बायको म्हणते. नहाणीतून आवाज आला, "थांबा जी, आली." मग ती आली, फोटो छातीशी, डोक्यावर पदर घेतलेला, आणि बाहेरच्या दाराकडे पाहत उभी राहिली.

मी होतो, हे मी तिला सांगितलं नाही. आणि आज दुपारी पुन्हा खाकरलो.