वरच्या बाणाचं बटन

६ मे, मंगळवार
नात रूपा आता घरूनच काम करते. दवाखाना लांब, अन् त्याच्या कॉम्प्युटरची लाईन ही चिकलठाण्यात बसून सांभाळते. स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं. "दिवसभर काय बघती, मुंग्यांची रांग?" म्हणलं. ती म्हणली, "आजी, सगळं एकदम ओतलं तर वाचणार कसं? म्हणून पानभर दाखवून थांबतं. स्पेस दाबलं की पुढचं पान." अन् वरचा बाण दाबला की आधी दिलेला हुकूम परत येतो. पुन्हा लिहायला नको.
माझ्या सासूला हे बटन लागलंच नसतं. तेच हुकूम, रोज, तोंडपाठ.

८ मे, गुरुवार
नळ नाय. नववा दिवस.

९ मे, शुक्रवार
नळ आला. काम अर्धं टाकून रूपा हंडे घेऊन पळाली. मला खुर्चीत बसवलं — "धा मिनिटं कुणी हात लावला नाही तर हे बंद पडतं. मधून मधून स्पेस दाब. दुसऱ्या कशाला हात लावू नको."
मी स्पेसच दाबलं. सांगितलं तेवढंच केलं.
मग फोनवर फोन. दवाखान्याच्या एका वार्डाची लाईन बंद. रूपा ओल्या हातानं बसली, चालू केली. तवर पाऊण तास गेला.

१० मे, शनिवार
त्या वार्डातली एक बाई गेली. रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरच्या स्क्रीनवर आलाच नाय म्हणं.
रूपाचे साहेब विश्वजीत फोनवर ओरडत व्हते — "हिस्टरी काढली मी. दहा चाळीसला लाईन बंद करायचा हुकूम. तुझ्या नावावर."
"हो सर. माझ्याच हातून झालं."
जेवली नाय.

१३ मे, मंगळवार
रूपाचं काम तूर्त थांबवलं. शुक्रवारी चौकशी.
शेजारची आवडाबाई दारात. "पारूबाई, पोर तर तवा नळावर माझ्या मागं नंबरात व्हती. मंग दाबलं कवा?"
"तुझं पाणी भरून झालं ना? मंग जा घरी."

१४ मे, बुधवार
गेल्या शुक्रवारी इथं खोटं लिहिलं. वहीला पण खोटं!
बसून कंटाळा आला. पोरीनं सकाळी काय काय लिहिलं बघावं म्हणून वरचा बाण दाबला. दोनदा. एक इंग्रजी ओळ आली. सकाळी तपासायला तिनं लाईन जरा बंद करून परत चालू केली व्हती, त्यातलाच बंदचा हुकूम; हे मागून तिच्या फोनवरच्या बोलण्यातनं कळलं. मला काय कळणार? प्रौढांच्या वर्गात मराठी बाराखडीवरच थांबले मी.
ओळ जाईना. पुसायचं कसं म्हाईत नाय. रूपा ओरडंल म्हणून ती दर ओळीला दाबती ते उजवीकडचं मोठं बटन, एंटर, दाबलं. ओळ गेली. मला वाटलं, पुसली.

१५ मे, गुरुवार
रूपाला सांगितलं. तिनं मान वर केली नाय. "ठाऊक आहे आजी. पहिल्या दिवसापासून. आता कुणाला बोलू नको."
पांढरं लुगडं धुऊन वाळत घातलंय. उद्या चौकशीला मी जाणार.