पाचाची पाऊणपट

सुकापूर, २ मे २०१२

चि. सौ. रंभा हिला दादाचा आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तुझे गुडघे आणि धर्मराजरावांची होडी, दोन्ही कुरकुरत का होईना पण चालत असतील, असे धरून चालतो.

जानेवारीत आम्हा शिक्षकांचे पनवेलला दोन दिवस प्रशिक्षण झाले. विषय, मेंदू कसा शिकतो. (निवृत्तीला वर्ष उरलेल्या माणसाला हे, म्हणजे वरातीमागून घोडे.) शिकवणाऱ्या नीता मॅडमचे पहिले म्हणणे मला लगेच पटले: शिकलेले झोपेत पक्के होते. मी सातवीच्या वर्गाला जेवणानंतर वीस मिनिटे बाकावर डोकी टेकवायला लावली. नेमके त्याच दिवशी केंद्रप्रमुख आले. मुले टक्क जागी राहून चिंचा खात होती. उठवावे लागले ते मला. (शेऱ्यात त्यांनी ‘गुरुजी आधी स्वतः करून दाखवतात’ असे लिहिले. झेरॉक्स ठेवली आहे.)

दुसरे म्हणणे मात्र काट्यासारखे घशात अडकले. घाबरलेले मूल धडा विसरते आणि भीती तेवढी लक्षात ठेवते. नवे शिकवायचे तर त्याला आधीच ठाऊक असलेल्याशी जोडून द्यावे. बाकीचे लिहून घेत होते. मला तू दिसलीस, चौथीतली, माझ्याच वर्गातली. पाऊणकीचा पाढा पुस्तकांतून कधीच गेला होता, माझ्या डोक्यातून गेला नव्हता. पाचाची पाऊणपट किती, विचारले. तू अडखळलीस. मास्तरची बहीण म्हणून तुला दोन छड्या जास्त दिल्या. संध्याकाळी म्हणालीस, “दादा, मी उद्यापासून नाय येनार.” ते तू खरे केलेस.

त्याच संध्याकाळी बाबांनी होडीसाठी विचारले, पंचमीची भरती कधी? तू जाळ्यातला पाला काढता काढता म्हणालीस, पावणेचारला. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे खाडीकाठच्या पोराला कोण शिकवतो? तुला पाऊणकी येत होती गं. मी फक्त समुद्राचे विचारले नाही. हे मला सदतीस वर्षांनी, प्रशिक्षणातला फुकटचा चहा पिताना कळले. फार वाईट वाटते, रंभा. तू शिकली असतीस.

तुझा, उशिरा शिकलेला,
दादा

ता. क. खरे तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो: जूनपासून कोमलला दहावीसाठी माझ्याकडे पाठव. छडी टाकून दिली आहे. तरी तू नको म्हणालीस, तर मी कारण विचारणार नाही.

ता. क. २ हे पत्र तुला कोमलच वाचून दाखवत असेल. कोमल बाळा, मामाच्या अक्षराला अडखळलीस तर थांब, सावकाश पुढे जा. तुझी आई अडखळली तेव्हा मी थांबलो नव्हतो.